रकाना तिसरा

नोव्हेंबरात आमच्या गावात तीन वाजताच दिवे लागतात.
नववीचे सत्तावीस जण, सत्तावीस कोरे कागद
आणि मी, शाळेची मार्गदर्शक,
एकोणीस वर्षं एकच प्रश्न विचारून पोट भरणारी:
पुढे काय करणार?

पहिला रकाना आवडीचा.
दुसरा, आठवडाभर कुठे कामाला जाऊन बघाल त्याचा.
तिसरा: आत्ता तुम्हाला काय येतं?
तिसऱ्यापाशी सगळ्यांची पेनं अडतात.

पिहलाने लिहिलं पशुवैद्य,
कारण तिच्याकडे ससा आहे.
वेतीने लिहिलं ‘पैसा’, मग खोडून ‘काहीही’.
मी हसत नाही. त्या वयात मीही
हवाई सुंदरी लिहून आले होते,
विमान नुसतं खालून पाहिलेलं,
तेही पोटाकडून.

होदनने मात्र दाबून लिहिलं: डॉक्टर.
तिची आई रात्री इस्पितळाच्या फरशा पुसते.
घरी येऊन सांगते, कुठला डॉक्टर ओल्या फरशीला वळसा घालतो
आणि कुठला सरळ बूट उमटवत जातो.
होदनला वळसा घालणारी व्हायचं होतं.
आठवडाभर तिथे जाऊन आली
आणि सोमवारी माझ्या दारात, अंगात जाकीट तसंच:
मधली लिफ्ट बंद पडली. आत एक म्हातारी, स्ट्रेचरवर.
एक माणूस आला, त्याने भिंतीतलं झाकण उघडलं,
हात तारांत, तोंड दाराच्या फटीशी,
आणि बोलतोय काय, तर बटाट्यांबद्दल.
यंदा छोटेच निघाले, तुमच्याकडे कसे?
आतून म्हातारी त्याला सांगतेय, माती बदल.
बावीस मिनिटं. मी मोजली.
हे कुठे शिकवतात?

लिफ्टचं, की बटाट्यांचं?
दोन्ही. एकदम.

मी पुस्तिका पुढून चाळली, मागून चाळली.
आईला तिने अजून सांगितलेलं नाही.
आईने नात्यागोत्यात फोन करून
मुलीला कधीच डॉक्टर करून टाकलंय.

ओइवाचा कागद डिसेंबर उजाडला तरी कोरा.
आजोबा कागद कारखान्यात, बापही तिथेच.
तिसरीत त्याने चित्र काढलं होतं:
धुराडं, धूर, आणि फाटकात एक डबेवाला छोटा माणूस.
हा मी, म्हणाला होता.
कारखाना बंद पडून चार वर्षं झाली.
धुराडं आहे. वास गेला.
ज्या वासाला अख्खं गाव नाक मुरडायचं
आणि जो कपड्यांना असला की पगार झाला म्हणून समजायचं.
मी वाटते तो कागदसुद्धा आता परदेशातून येतो.

कुठे पाठवू तुला? गॅरेज? बेकरी? ग्रंथालय?
त्याने नखाने टेबलाची कड खरवडली.
बाबा अजून पाचला उठतात, म्हणाला.
गजर नसतो. तरी.
बूट घालतात, दाराशी जातात, उभे राहतात.
मग मी उठतो. कॉफी ठेवतो.
बसतो दोघं.
बोलत नाही काही.
साडेसहाला ते बूट काढतात.

एवढं बोलून त्याने पेन घेतलं,
पहिला रकाना सोडला, दुसरा सोडला,
तिसऱ्यात लिहिलं:
पाचला उठता येतं.
थोडं थांबून, बारीक अक्षरात:
कॉफी.

संगणकाला प्रत्येक कौशल्याचा आकडा लागतो.
मी यादी खाली नेली, वर आणली.
स्वयंपाकी, पहारेकरी, रुग्णसेवक,
प्रत्येकाच्या जवळून गेले, थांबले कुठेच नाही.
आकडा भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही,
असं लाल अक्षरांत आलं.

बाहेर बर्फाची गाडी रस्ता खरडत निघाली होती.
शाळा सुटली होती.
मी पान बंद केलं नाही.